अश्विनीची मान

मंगळवार, १८ नोव्हेंबर

सकाळी अश्विनीची मान टेपनं मोजली. दीड इंच वाढलीय. मी जुना पैलवान. तालमीत गळ्यात दगडी कडं घालून मान कमावली, तशीच लेकीचीही कमावून घेतली. मान पक्की असली की बॉक्सरला ठोसे सोसतात, एवढंच मला ठाऊक.

संध्याकाळी नागापूरला सरावात तिच्या जबड्यावर ठोसा बसला. पडली न्हाई, म्हणून मी टाळ्या वाजवल्या. का वाजवल्या?

नागापूरहून येताना गाडीवर तिनं दोनदा विचारलं, "आप्पा, आज सराव न्हाई का?"

तसाच दवाखान्यात नेली. डॉक्टर म्हणाले, "मान कमावता येते, मेंदू नाही."

घरी आल्यावर म्हणाली, "आप्पा, आज मान मोजायची राहिली की."

मी पुन्हा टेप लावली.