सापांच्या मांडणीखालची शेगडी

भातसानगर वसाहत,
माघ सरत आला, २००७

ती. पारूताई आणि दाजी यांना इंद्रजीतचा सप्रेम जय भीम.

इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. तुझे गुडघे कसे आहेत? दाजींच्या पोल्ट्रीतली पिल्लं या थंडीत तगली का? तुमच्याकडे फोनला रेंज मिळवायची तर माळावर जाऊन उभं राहावं लागतं आणि निम्मं मुरबाड कान लावून ऐकतं, म्हणून पत्र. ताई, मी दमलो गो. धरणावर वायरमन म्हणून उभा जन्म गेला, पण एवढा कधी दमलो नव्हतो.

श्वेता बंगलोरला नोकरीला निघाली तेव्हा आमचं वाजलं होतं, ते तुला ठाऊक आहे. (मी म्हणालो, ठाण्यातल्या नोकऱ्या काय संपल्या? ती म्हणाली, हो. एवढ्यावरून.) त्यानंतर ती आईशी बोलायची आणि मला निरोप यायचे. दिवाळीला आली ती दोन साप घेऊन. परदेशी जातीचे, बिनविषारी, अंगाने नारिंगी. घरमालकाने सांगितलं म्हणे, साप ठेव नाहीतर खोली ठेव. जाताना दोन्ही डबे माझ्या हातात दिले (माझ्या! पायजम्याची नाडी पडलेली बघून उडी मारणाऱ्या माणसाच्या!) आणि म्हणाली, "पप्पा, यांना काय झालं ना, तर मी तुमच्याशी जन्मात बोलणार नाय." तेव्हापासून रोज संध्याकाळी मला फोन. उबेत आहेत का, कात टाकली का, मादी सुस्त तर नाही ना. म्हणजे बघ, साप जगले तर पोरगी, नाहीतर काही नाही.

आता या जनावरांना ऊब लागते. श्वेताने फोनवर समजावलं की प्लायवूडची मांडणी करायची, तिच्यात प्लास्टिकचे टब ड्रॉवरसारखे सरकवायचे, झाकण नको, वरची फळी हेच झाकण. ऊब फक्त मागच्या बाजूला द्यायची, म्हणजे सापाला गरम झालं की तो पुढे येऊन बसेल. शहापूरच्या बाजारातून टब आणले. मांडणी मी अशी ठोकली की कंट्रोल रूममधला पॅनल झक मारेल. मागे बल्ब लावले, तर टब मऊ पडून पापडासारखा वाकला. मग जुन्या इस्त्रीची कॉइल काढली, तेव्हा वत्सला दारात आडवी उभी राहिली. म्हणाली, आधी मला माहेरी सोडा, मग घर जाळा. (तिची आई आमच्याकडेच राहते, म्हणजे माहेर पण जळालंच असतं. हे मी बोललो नाही.) शेवटी वत्सलाच्या कमरेला शेकायची जी विजेची पिशवी होती, ती मागच्या फळीला बांधली. झकास जमलं! साप उबेत, आणि माझी बायको तीन महिने वाकून चालते आहे. शेजारी लोक साखर मागायला येतात, आम्ही शेजाऱ्यांकडे उंदीर मागायला जातो.

एवढ्यावर निभावलं असतं, पण लोडशेडिंग. मुंबईला पाणी आमच्या दारातून जातं, अंधार तेवढा आमच्यापाशी राहतो. लाईट गेली की मी टबांवर गोधड्या टाकायचो. सासूबाई, म्हणजे गोजाबाई, हे सगळं कोपऱ्यात बसून बघत होत्या. त्यांनी आयुष्यभर गावातल्या बायांची बाळंतपणं केली. मादीचं नाव चिमी त्यांनीच ठेवलं. एक दिवस तिला नीट न्याहाळून म्हणाल्या, "जावईबापू, ही पोटुशी हाय." मी हसलो. म्हटलं, आत्या, अंगावर आलीय ती, फुकटचे उंदीर खाऊन.

परवा मी ड्यूटीवर, लाईट गेलेली. सासूबाईंनी काय करावं? बाळंतिणीच्या बाजेखाली ठेवतात तशी शेगडी फुलवून मांडणीखाली ठेवली. वर ओवा-शेपाची धुरी! खालचा टब वितळून फट पडली आणि चिमी पसार. मी आलो तर वत्सला ओट्यावर चढलेली, वसाहतीत बोंब, सगळे काठ्या घेऊन दारात. संध्याकाळच्या फोनवर काय सांगायचं, एवढं एकच डोक्यात. काठ्या आधी बाहेर ठेवा म्हणून मी लोकांच्या अक्षरशः पाया पडलो. घर उलटंपालटं केलं. आणि सासूबाई आपल्या गोधडीवर शांत बसलेल्या. "वरडू नका मेल्यांनो," म्हणाल्या, "बाळंतीण हाय." गोधडीचा कोपरा उचलून दाखवला. आत चिमी वेटोळं घालून, आणि पोटाशी पांढरी अंडी.

तर ताई, आता माझ्याच्याने होत नाही. श्वेता तुझं ऐकते. तिला सांग, हे साप घेऊन जा, म्हाताऱ्या बापाचे हाल करू नकोस. माझी आण घालून सांग. दाजींना जय भीम, पोरांना आशीर्वाद. लोभ आहे तसाच राहू दे, गुडघ्यांना तेल लाव.

तुझा भाऊ,
इंद्रजीत

ता. क. : दाजींच्या पिल्लांच्या पेटीला ऊब आपोआप चालू-बंद करणारं ते यंत्र आहे ना, ते एस.टी.ने लगेच पाठव. अंड्यांना कमी-जास्त ऊब चालत नाही म्हणे. दाजींची पिल्लं काय, कोंबडीच्या पंखाखाली पण राहतील.

आणखी ता. क. : वर श्वेताला सांग म्हणून लिहिलंय ते सांगू नकोस. अंड्यांचं कळवलं तेव्हा ती फोनवर खूप हसली. मग म्हणाली, "पप्पा, तुमी जेवलात का?" सापांचं सगळं विचारून झाल्यावर विचारलं, पण विचारलं.