मागच्या खोलीतलं पिल्लू

सोमवार, दुपार

चिमे, अनेक आशीर्वाद.

अगं, सगळ्यात आधी आलं कोण, तर कुत्र्याचं पिल्लूच! माणसं काल जिन्यातच धापा टाकत होती आणि हे तुरुतुरु वर येऊन माझ्या पायाला नाक घासायला लागलं. मागून दवाखान्यातली नर्सबाई नि तिचा नवरा. माझा गुडघा बघते तीच ती. टाकलेली पिल्लं घरी आणून सांभाळते, मग चांगलं घर बघून देते. हे तिला गटाराच्या पाइपात सापडलं. जात विचारू नकोस. एक कान उभा, एक पडलेला, पाय आखूड आणि शेपूट कुणा मोठ्या कुत्र्याची उसनी आणल्यासारखी. नातू फोनवर म्हणतो, "आजी, हे सुटे भाग जोडून केलंय." मेला!

घर बघितल्याशिवाय पिल्लू देत नाहीत हो. मुलगी द्यायची असल्यासारखी आली दोघं. नवऱ्याने गॅलरीच्या गजांतून हात घालून बघितला, वायरी बघितल्या. बाईने दारातल्या चपला बघितल्या.

"एकट्याच राहता आजी? रागावू नका, पण तुम्ही आजारी पडलात तर याचं कोण करणार? एकट्या म्हाताऱ्या माणसाला आम्ही देत नाही."

पिल्लू तोवर माझ्या मांडीवर झोपलं होतं गं.

मी म्हटलं, "एकटी कुठे? धाकटी बहीण असते ना माझ्याकडे. बाजारात गेलीय."

तोंडातून निघून गेलं. मग एक झाकायला दुसरं. "कुत्र्यांचं तर तिला वेड," असंही म्हटलं. तुला! शेजारचं कुत्रं दिसलं की टेबलावर चढायचीस तू.

हस हवं तर. पण हसवायला नाही बसले मी लिहायला. दोनदा कागद फाडला.

बाई मागच्या खोलीत गेली नि म्हणाली, "ही बहिणीची खोली का? छान हवेशीर आहे." मी हो म्हटलं, आणि मला कुठे बघावं कळेना. भावजी गेल्यावर तू विचारलंस, "ताई, तुझ्याकडे येऊन राहू का?" तर मी काय म्हटलं? खोलीत शिलाई मशीन आहे, ट्रंका आहेत, जागा कुठाय. तू "बरं" म्हणालीस आणि गुडघ्याची चौकशी केलीस.

त्याच ट्रंका परवा पिल्लासाठी एका सकाळीत हलल्या. मशीन माझ्या पलंगाशेजारी बसलं. काही अडलं नाही. जागा तेव्हाही होती, चिमे. रेडिओ केवढा मोठा लावायचा हे कुणी सांगितलेलं नको होतं मला. एवढंच.

पिल्लू सध्या ठेवून गेलेत, तुला भेटले की पक्कं करणार. माझं खोटं सांभाळायला येऊ नकोस. मी त्यांना खरं सांगणार आहे. नेलं तर नेतील, मी रडेन नि गप्प बसेन. खोली काही पुन्हा भरणार नाही. कुत्रं असो नसो, तू राहायला ये. यायचं नसलं तर चार शब्द सुनाव. नुसतं "बरं" म्हणू नकोस.

तुला तोंड दाखवायची लाज वाटणारी,
ताई

ता. क. ती दोघं रविवारी सकाळी परत येतो म्हणून गेलीत.