ज्याचा रस उतरलाच नाही

सर, काल संध्याकाळपासून माझं डोकं सुन्न झालंय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता जाब कुणाला विचारू?

ते रानातल्या गोंधळाचं जुनं विनोदी नाटक तुम्ही आम्हाला उमरग्याच्या कॉलेजात शिकवायचात. झोपलेल्याच्या डोळ्यावर फुलाचा रस पिळायचा, की जाग आल्यावर जे समोर दिसेल त्याच्या प्रेमात पडलाच, उताऱ्याचा दुसरा रस पिळेपर्यंत. राणी गाढवतोंड्या माणसावर भाळते तिथं सगळा वर्ग लोटपोट व्हायचा. गॅदरिंगला आपण ते बसवलं, आणि गाढवाचं डोकं मी वडिलांच्या जुन्या घोंगडीतून शिवलं. ते ज्याच्या डोक्यावर चढलं, त्याच्यावरच मी भाळले होते. लोकरीनं त्याला सारख्या शिंका यायच्या आणि मला मेलीला त्या शिंकाही गोड वाटायच्या.

आमच्याकडं पोरीचं काही ठरवायचं तर आधी सरांना विचारायचं. वडील मेंढरं भावाच्या हवाली करून अणदूरहून आले आणि तुमच्यासमोर पटका सावरत उभे राहिले. "पोरगी खुळावली, सर. तुमीच सांगा तिला." तुम्ही मला बोलावून घेतलंत. "अगं, शेवटी सगळ्यांचा रस उतरतो. सगळे जागे होतात. तुझाही उतरेल." मी मान डोलावली आणि वडिलांनी बघितलेल्या घरी नांदायला गेले. नवरा भला मिळाला, तक्रार नाही.

आता लेकीचं एका पोरावर मन बसलंय. महिनाभर ती माझ्या होकारासाठी अडून बसलीय आणि मी तिला तुमचंच वाक्य ऐकवतेय. काल ती ओट्यावर बसून तेच नाटक वाचत होती, कॉलेजात लावलंय म्हणून. एकदम म्हणाली, "आई, ह्या एका पोराचा रस कुणी उतरवतच न्हाय की! तसंच लगीन लागतं त्याचं. लई सुखात असतो शेवटी."

मी पुस्तक हिसकावून घेतलं. मागंपुढं चाळलं. खरंच, एक जण तसाच राहतो. सर, दरवर्षी शिकवत होतात हो तुम्ही हे! तुमच्या लक्षात आलं नव्हतं, की माझ्यापुरतं गाळलंत? दोन्हींतलं वाईट कोणतं, तेही मला ठरवता येईना. तव्यावर भाकरी करपली तेव्हा भानावर आले.

तिला म्हणाले, "रविवारी घरी घेऊन ये त्याला."

हे पत्र टाकायला पत्ता नाही. पण सांगून टाकते, ही पहिली गोष्ट मी तुम्हाला मनातसुद्धा न विचारता केली.