उंबऱ्यावरचे यमक

जव्हार,
फाल्गुन वद्य द्वादशी, शके १८४२

चि. कांतीलाल यास श्रीकृष्णमामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. इकडे ऊन तापू लागले आहे. तुझी मामी नागलीचे पापड वाळत घालते आणि कावळ्यांशी भांडते.

नाव पुकारताना यमक जुळवलेस म्हणून साहेबांनी सर्वांसमोर तुला सुनावले, ‘ही न्यायकचेरी आहे, तमाशा नव्हे, पुन्हा थट्टा केलीस तर घरी बस.’ नोकरी सोडतो म्हणतोस. सोडू नकोस. कचेरीच्या दारात नावे पुकारायच्या ज्या जागेवर तू उभा आहेस, तशाच जागेवर इकडे माझा जन्म गेला.

शाळेत गुरुजी आमच्याकडून कविता घोळवून म्हणवून घेत. अजून एखादी चाल आठवली की खडूचा वास येतो. यमकांचे ते वेड घेऊनच मी कचेरीचा पट्टा बांधला. पहिल्या दिवशी मात्र नुसते नाव पुकारले. ‘लाडक्या दाभोशाचा, हाजर हो!’ लंगडत्या बैलाची गाडी घेऊन दाभोशाहून आलेला लाडक्या समोर आंब्याखाली बसलेला मला दिसत होता. मान खाली. दुसऱ्यांदा पुकारले, तरी गप्प. तिसऱ्यालाही बोलला नाही तर निकाल एकतर्फी, शेत गेलेच समज. माझ्या तोंडून निसटले,

‘लाडक्या दाभोशाचा, मालक लंगड्या बैलाचा!’

‘बैल बरा हाये बाबा, मीच लंगडतो!’ म्हणत तो उठला. कचेरीचा सारा ओटा हसला.

न्यायाधीशांनी आत बोलावून मला झाडले. तेव्हा लाडक्यानेच हात जोडले. ‘सायेब, रानातलं ते पण माणसाच्याच आवाजात नाव घेतं. ओ दिली का नेतं. पण त्याला थट्टा येत नाय. हसवलं म्हंजे माणूसच.’

न्यायाधीश म्हणाले, ‘उंबऱ्याबाहेर थट्टा, उंबऱ्याच्या आत कायदा.’ मी तेवढे पाळले. आत पाऊल पडले की चेहरा दगडाचा. तुझ्या साहेबांना हेच सांग, पण नम्रपणे.

बाकी ठीक. गुडघे बोलतात.

एक लिहू की नको, असे चालले होते. मामीला कळवू नकोस. होळी झाल्यापासून दुपारी मागच्या दरीतून मला हाक येते. नुसते नाव. आवाज ओळखीचा, पण कोणाचा ते ध्यानात येईना. काल आले. माझाच आहे. तरुणपणचा, पट्टा बांधलेला. मी ओ दिली नाही. लाडक्याचे बोल आठवून निर्धास्त होतो. त्याला थट्टा कुठे येते?

आज हाक घराच्या ओट्यापाशी आली.

‘श्रीकृष्ण जव्हारचा, अजून का उंबऱ्यावरचा?’

कांती, साऱ्या मुलखाच्या नावांना मी यमके जुळवली. स्वतःच्या नावाला कधीच नाही. आणि मी खरोखर उंबऱ्यावरच बसलो होतो रे. ओ नाही दिली, तुझ्या गळ्याची शपथ. पण ते इतके नेमके बसले होते की मला हसू फुटले, चांगले मोठ्याने. बाहेर ऊन होते, ओटा रिकामा होता, आणि कोणीतरी माझ्याबरोबर हसले.

मामीने आतून विचारले, ‘कोण आलंय हो?’

हसणे म्हणजे ओ देणेच का रे?

तू येशील तेव्हा बाहेरून हाक मारू नकोस. थट्टाही नको. सरळ जवळ येऊन खांद्यावर हात ठेव. लवकर ये.

अजून उंबऱ्यावरचा,
तुझा श्रीकृष्णमामा