मागच्या खोलीत पाऊल टाकू नकोस

मागच्या खोलीत अजिबात जाऊ नकोस. स्विमिंग पूलच्या खड्ड्याकडची भिंत खचायला लागलीय. सकाळी भेगेत जेमतेम नख जात होतं, दुपारी माझं अख्खं बोट गेलं. तुला सहा फोन केले, तू एकही उचलला नाहीस. काम मीच थांबवलंय आणि बाबांना घेऊन माझ्या भावाकडे जातेय.

मुकादमाला फैलावर घेतलं, तर तो म्हणाला, "वहिनी, खड्डा घराकडे चार फूट सरकवायला साहेबांनीच सांगितलं. पूल लांब हवा म्हणाले." मला यातलं काही ठाऊक नव्हतं. इंजिनिअरलाही नव्हतं. तो पाच वाजता येतोय, त्याला सगळं खरं सांग.

बाबा निघायलाच तयार नव्हते. "माझा मुलगा नीट बघूनच खणेल," म्हणत पलंगावर बसून राहिले. खड्डा सरकवल्याचं मी त्यांना सांगितलं नाही. शेवटी प्लास्टरचा मोठा पोपडा त्यांच्या उशीवर पडला, तेव्हा मुकाट्याने उठले.

इंजिनिअर गेला की लगेच तिकडे ये. बाबा तुला विचारतीलच. मी शेजारी बसलेली असेन, पण या वेळी तुझ्या वतीने एक शब्दही बोलणार नाही.