बाकावर बसवलेले बाबा

बाबा,

आज दुपारी तुमची नात मला खेळ शिकवत होती. म्हणजे मला येणाराच खेळ, पण माझी पद्धत जुनी झाली असं तिचं म्हणणं. संगणकावरचं युद्ध असतं. आपली माणसं लाकूड तोडतात, घरं बांधतात, सैनिक लढतात, आणि आपण एकटे वरून सगळ्यांना हुकूम देतो. "पप्पा, आप बहुत स्लो हो," ती म्हणाली. "एकेकाला काहून हाकलून राहिले? दहा जणांची टोळी करा, तिला एक नंबर द्या. नंबर दाबला की सगळे हलतात. पुढची चार कामं आत्ताच सांगून ठेवा, मग बघायची जरूरतच नाही." तिचं मराठी असंच, अर्धं घरचं, अर्धं शाळेतलं. मी ती सांगेल तसं करत गेलो. मग तिनं पुलावरच्या एका सैनिकावर बोट ठेवलं. "आणि हा? ह्याला इथं काहून उभं केलं?" मी म्हणालो, त्याला जागा न सोडायचा हुकूम आहे. बाण लागले तरी हलणार नाही. हे बोललो आणि पुढे खेळवेना. दिवाबत्तीची वेळ झाली म्हणून उठलो, देवासमोर बसलो, पण डोळे मिटले की तुम्हीच दिसत होता, एका डोळ्यावर हिरवी पट्टी बांधलेले.

हा खेळ तुम्ही एकदाच पाहिलात. मझौलीकडच्या गावातली शाळा संपवून मी तुमच्या रांझीच्या फॅक्टरी क्वार्टरमध्ये आलो, त्याला काही वर्षं झाली होती. कॉम्प्युटरच्या एका दुकानात मी शिकवायचो आणि शिकणारे नसले की खेळायचो. फॅक्टरी सुटल्यावर तुम्ही सायकल दाराला टेकवून आत आलात आणि माझ्या पाठीमागे उभे राहिलात. मला वाटलं, आता बोलणी बसणार. "हे काय करून राहिला?" तुम्ही विचारलंत. मी ऐटीत सांगितलं, "हुकूम देतो, बाबा. माझ्याइतक्या लवकर इथं कोणीच देत नाही." तुम्ही थोडा वेळ पाहिलंत आणि म्हणालात, "अन तो कोपऱ्यातला? केव्हाचा रिकामा उभा आहे." खरंच, तिथली झाडं संपली होती आणि माझा लाकूडतोड्या कुऱ्हाड खांद्यावर टाकून उभा होता. माझ्या लक्षातही नव्हतं. तुमचा सगळा जन्म क्रेनखाली उभं राहून वरच्या माणसाला हातानं इशारे देण्यात गेला, त्यामुळे तुम्हाला तोच आधी दिसला. "भार जमिनीला टेकेपर्यंत हात खाली घ्यायचा नाही, नजर काढायची नाही," तुम्ही म्हणालात. "तुझे हुकूम बहुत झाले, नजर कमी पडून राहिली." दुकानातली पोरं हसली. एक जण म्हणाला, "अंकलजी, आप भी खेलो ना." तुम्हीही हसलात. "ना भैया, मेरे को एक ही क्रेन बहुत है."

मग तुम्ही रिटायर झालात आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या डोळ्यानं तुम्हाला आधीच धूसर दिसायचं, म्हणून तपासणीला मी मोटरसायकलवर घेऊन गेलो. त्याच दिवशी विजय नगरात त्या खेळाची स्पर्धा आहे. डॉक्टरांनी पाहिलं आहे, डोळ्यात घालायचं औषध तेवढं घ्यायचं राहिलं आहे. मी तुम्हाला दवाखान्यासमोरच्या चहाच्या टपरीशेजारी, निंबाच्या सावलीत बाकावर बसवतो. "बाबा, इथंच बसा. उठू नका. मी औषध घेऊन येतो." "चलो, ठीक आहे," तुम्ही म्हणता आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवता.

मी परत आलो तेव्हा साडेतीन तास झाले होते. सावली कधीच सरकून रस्त्याच्या पलीकडे गेली होती आणि तुम्ही उन्हात तसेच बसला होता, हात गुडघ्यांवर. पट्टीखालून घामाची धार गालावर आली होती. टपरीवाला माझ्यावर उखडला. "क्या भैया, कहाँ रह गए थे? मैंने कितना बोला, बाबूजी, छाँव में आ जाओ. बोले, लड़का यहीं बैठने को बोल के गया है." तुम्ही मात्र एवढंच विचारलंत, "लाईन मोठी होती का?" मी म्हणालो, हो. घरी येताना तुम्ही मागून माझ्या कमरेला धरलं होतं. शर्टाच्या आत खोका होता, दुसरा नंबर आल्याचं बक्षीस, एक माऊस. तुमच्या हाताला तो लागला. "हे काय?" "औषध, बाबा." "इतकं मोठं?" "महिन्याभराचं आहे." औषध मी दुसऱ्या दिवशी आणलं, छोटीशी बाटली, आणि तुमच्या हातात दिली. तुम्ही ती बोटांनी चाचपलीत आणि उशाशी ठेवलीत. डोळा लाल झाला तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "धूप में बैठे थे क्या?" तुम्ही म्हणालात, "नहीं साहब." मी शेजारी उभा होतो. तो डोळा शेवटपर्यंत पाणावत राहिला. उन्हामुळेच का, ते मला कोणी सांगितलं नाही आणि मीही कोणाला विचारलं नाही.

तुम्ही गेल्यावर मी घरी हे सांगितलं, पण असं सांगितलं की, खेळाच्या नादात विसरलो. ग्वारीघाटावर दिवा सोडतानाही दरवर्षी नर्मदामैयासमोर हेच म्हणतो, विसरलो, माफ कर. ऐकणाऱ्याला ते खरं वाटतं, कारण माणूस विसरतोच.

मी विसरलो नव्हतो, बाबा. पहिला सामना जिंकल्यावर मध्ये थोडी सुट्टी होती. मी बाहेर येऊन पाणी प्यालो. मोटरसायकल समोर होती, किल्ली खिशात होती, दवाखाना दहा मिनिटांवर होता. ऊन चढलेलं मला दिसत होतं. तुम्ही मला आठवलात, तो बाकही आठवला. आणि मनात आलं, त्यांना सांगून ठेवलंय, ते हलणार नाहीत. मग मी आत गेलो.

उद्या तुमची तिथी. तुम्हाला पाणी देताना घरातले सगळे शेजारी बसलेले असतील आणि हे तोंडातून निघणार नाही, हे मला माहीत आहे. म्हणून लिहिलं. कागद पोथीत ठेवतो आहे, आणि उद्याही मी विसरलो असंच म्हणेन.