न छापलेली अकरा नावं

टॅलो क्रीक, जॉर्जिया
बुधवार, सप्टेंबर संपत आला

प्रिय वर्नेल,

फोनवर बोलायला गेले की तू मला मध्येच तोडतेस आणि मलाही तेवढंच निमित्त मिळतं, म्हणून हे पत्र. शेवटपर्यंत वाच, मध्ये उठून कॉफी टाकायला जाऊ नकोस. आपल्या ग्रंथालयात कीरा मॅबरी नावाची नवी पोरगी आलीय, तिने सांगितलं की तू क्लीव्हलंडहून येतेयस. ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी माउंट नेबो चर्चच्या अंगणात दगडी फलक उभा राहणार, एकोणीसशे त्रेसष्टच्या सभेत बसलेल्यांची नावं त्यावर कोरलेली असणार आणि फलकावरचा पडदा तुझ्या आईच्या वतीने तू ओढणार. फार बरं झालं. पण तू तिला अट घातलीस म्हणे, की ग्रेव्हज घराण्यातलं कोणी पुढच्या रांगेत बसलेलं चालणार नाही. कीराने घाबरून रॉयल ग्रेव्हजचं नाव यादीतून काढलंसुद्धा. मला त्या अटीबद्दल बोलायचंय. त्याआधी गावच्या बातम्या ऐक, नाहीतर म्हणशील की म्हातारपणी ऑर्लीन एकदम मुद्द्यावर यायला लागली.

सिस्टर फिलिपा ओक्सचा गुडघा बदलला आणि ती मेकनला लेकीकडे आराम करतेय, म्हणजे आता लेकीच्या आरामाचं काय ते देवालाच ठाऊक. चर्चच्या गायकवृंदाला नवे झगे शिवलेत, जांभळे. सगळे एका रांगेत उभे राहिले की वांग्यांची टोपली मांडल्यासारखी दिसते, पण तसं म्हणायची सोय नाही, कारण कापड पाद्रीबाईंनी निवडलंय. सूतगिरणी पाडली, तिथे आता लोक आपलं जास्तीचं सामान कुलपात ठेवतात. रॉयल ब्याऐंशीचा झाला तरी गुरुवार-शुक्रवार दुकान उघडतो. हात थरथरतो, त्यामुळे कानांची फारशी पर्वा नसलेले जुने मित्रच तेवढे केस कापायला जातात. त्याची बायको जाऊन सहा वर्षं झाली. हे तुला सांगितलं होतं की नाही, आठवत नाही.

तुम्ही गाव सोडल्यावरही मी साप्ताहिकातलं ते सदर एकतीस वर्षं लिहिलं. शेवटच्या पानावर, टायरच्या जाहिरातीखाली, ‘आपल्या वस्तीच्या बातम्या’. कोणाकडे पाहुणे आले, कोण अंथरुणावर आहे, कोणाच्या घरी केक कापला. बातमीत दम असो नसो, सगळ्यांना हवी असायची ती नावं. जेवण झालं तर जेवायला कोण कोण होतं ते सगळं लिहायचं, एक जरी राहिलं तरी माझं काही खरं नसायचं. टेन्सी बोल्डिनचं नाव एकदा एका बारशाच्या बातमीत राहून गेलं, तर अख्खा उन्हाळा तिने चर्चच्या पंगतीत भाजीचं भांडं माझ्यापुढे सरकवलं नाही. आणि ते ‘मिसेस’ प्रकरण तुला आठवतच असेल. गोऱ्या बायकांच्या नावाआधी मिसेस छापायचं, आपल्या काळ्या बायकांच्या नाही, हा संपादक लॅथमचा नियम. मी दर बुधवारी मिसेस लिहून न्यायची, तो दर बुधवारी निळ्या पेन्सिलीने एकेक खोडायचा आणि मग कागद आत छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याकडे द्यायचा. मीही हट्टी, पुढच्या बुधवारी परत लिहायची. एकाहत्तर साली तो कंटाळला. मला वाटायचं, आपण एक लढाई जिंकली.

आता त्रेसष्टचा मार्च. तळघरातल्या त्या मंगळवारच्या सभेला तू नव्हतीस, तुला ताप होता. मतदार म्हणून नाव नोंदवायला कोर्टात गेल्यावर आपल्या लोकांना अडवायला काय काय विचारतात, ते प्रश्न तुझी आई वाचून दाखवत होती आणि बाकीचे शाळकरी पोरांसारखे उत्तरं पाठ करत होते. पाद्रीबाबांनी आधीच बजावलं होतं की इथलं इथेच राहील. टेबलाभोवती अकरा जण बसले होते, बारावी मी. रॉयलचे वडील, चर्चच्या कारभाऱ्यांपैकी एक, डीकन होझिया ग्रेव्हज, आत आलेच नाहीत. दोन तास ते बाहेर पायरीवर उभं राहून रस्त्यावर नजर ठेवून होते, आत बसलेल्यांना निर्धास्तपणे बसता यावं म्हणून.

दुसऱ्या दिवशी बुधवार, म्हणजे बातम्या द्यायचा दिवस. चर्चमध्ये दिवे कसले लागले होते म्हणून गोऱ्यांनी वस्तीत विचारपूस सुरू केली होती. मी वीस वर्षांची, स्वतःला फार हुशार समजणारी. सभा झाकायला मी बातमी केली की रविवारच्या शाळेच्या शिक्षकांचं स्नेहभोजन झालं, मिसेस इझोला फेनर यांचा पाउंड केक सगळ्यांना फार आवडला. सभेचा ‘स’ नाही. आणि त्याखाली, हात सवयीचा ना वर्नेल, उपस्थितांची नावं. अकराच्या अकरा. नावं नाहीत तर बातमी कसली, आणि एकाचं लिहून दुसऱ्याचं गाळलं तर तोंडं फुगणार. बातमीदाराने स्वतःचं नाव घालायचं नसतं म्हणून माझं नाही. होझिया टेबलाशी बसले नव्हते म्हणून त्यांचं नाही. मंगळवारी सभा झाली हे गोऱ्यांना आधीच कळलेलं होतं. कोण होतं, एवढंच त्यांना कळत नव्हतं.

गुरुवारी साप्ताहिक आलं, त्यात माझी ती बातमी नव्हती. जागा कमी पडली असेल म्हटलं, असं व्हायचं. शुक्रवारी तुझ्या आईला शाळेच्या स्वयंपाकघरातून घरी पाठवलं. सोमवारपर्यंत अकराही जणांची कामं गेली, गिरणीतली, धुलाईतली, जज्जाच्या घरची. माझ्याकडे कोणी पाहिलं नाही, मला कुठे नोकरी होती, माझं जायला होतं काय? सगळ्यांनी पाहिलं होझियांकडे. त्यांच्या दुकानात गोऱ्यांचे केस कापले जात, शेरीफ दर शनिवारी त्यांच्याच खुर्चीत मान टाकून बसायचा, आणि सभेला येऊनही त्यांच्या केसालाही धक्का लागला नव्हता. एवढं पुरेसं झालं. त्यांना कोणी विचारलंसुद्धा नाही. डीकनपद काढून घेतलं, आणि पुढे अठरा वर्षं तो माणूस शेवटच्या बाकावर एकटा बसत आला. त्यांच्या मातीला आम्ही सहा जण होतो. मी सदरात दोन ओळी लिहिल्या, सहाही नावं घातली.

मला संशय त्याच शुक्रवारी आला होता. खोटं कशाला सांगू? पण कागद कचऱ्यात गेला असेल असं मी मनाशी घोकत राहिले, आणि घोकून घोकून तेच खरं वाटायला लागलं. तुम्ही गाव सोडायच्या आदल्या दिवशी तू रॉयलची साखरपुड्याची अंगठी परत पाठवलीस, तीही माझ्याच हाती. मी ती रुमालात बांधून दुकानात नेऊन दिली. त्याने रुमाल झटकून मला परत दिला. माझा संशय मी बोलून दाखवला नाही. तेव्हा बोलले असते तर आपल्या लोकांनी मला वस्तीत राहू दिलं नसतं, एवढीच भीती होती. पुढे भीती गेली आणि लाज राहिली, तरी बोलले नाहीच. तू तिकडे संसार केलास, त्याने इथे केला, मी म्हटलं, झालं ते झालं.

गेल्या वर्षी साप्ताहिक बंद पडलं, त्यांची जुनी खोकी ग्रंथालयात आली, आणि कीराला माझा तो कागद सापडला. पोरगी नाचत माझ्याकडे आली. तिच्या मते मी स्नेहभोजनाच्या नावाखाली सभेची नोंद करून ठेवली आणि संपादकाने भिऊन ती दाबली. आता कागद काचेच्या पेटीत ठेवणार आणि फलकाच्या तळाशी माझंही नाव कोरणार, ही नावं धाडसाने जपणारी म्हणून. मला म्हणाली, “मिस ऑर्लीन, हे बघा, इथे त्याने एकही मिसेस खोडलेलं नाही. मनातून मान होता म्हणायचा त्याला.” मी चष्मा लावला. अक्षर माझं, मिसेस सगळ्या जागच्या जागी. निळी पेन्सिल चालली होती ती समासात. तुझ्या आईच्या नावाशेजारी ‘शाळेचं स्वयंपाकघर’, त्याखाली ‘गिरणी, दुसरी पाळी’, त्याखाली ‘जज्जाकडे’, असं शेवटपर्यंत. कीराला वाटलं, त्याला लोकांची माहिती हवी असेल. हवीच होती. छापायचा कागद असता तर त्याने आधी मिसेस खोडल्या असत्या, एकाही आठवड्याला त्याचा हा नेम चुकला नव्हता. तो कागद खिळे जुळवणाऱ्याकडे जाणारच नव्हता, त्यावरून एकेकाच्या मालकाला कळवायचं होतं. मी खुर्चीत बसले आणि पाणी मागितलं. कीरा म्हणाली, भरून आलं ना तुम्हाला.

काल तिला सगळं सांगितलं. दगडावरून माझं नाव काढायला लावलंय आणि तिथे होझिया ग्रेव्हज घालायला, ते दाराशी उभे होते म्हणून. त्या रविवारी मी तिथे उभी राहून हेच सगळ्यांसमोर सांगणार आहे, मग आपल्या लोकांना माझं काय करायचं ते करोत. पण त्याही आधी, गेल्या शुक्रवारी, मी रॉयलच्या दुकानात गेले. गिऱ्हाईक नव्हतं. त्याने मला खुर्चीत बसवलं, गळ्याभोवती कापड नव्हतं एवढंच, आणि मी आरशात त्याच्याकडे बघत पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. तो कंगवे पुसत होता, पुसतच राहिला. मला वाटलं, आता चार शब्द सुनावेल, आणि सुनावले असते तर बरं वाटलं असतं. तो म्हणाला, “बाबांनी काही केलं नाही हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, ऑर्लीन. ठाऊक नव्हतं ते वर्नेलला. मला काय सांगतेस? तिला सांग.”

अजून म्हणू देणार असशील तर,
तुझीच
ऑर्लीन